गोधडी शिकायला कुंभकोणमला

गोधडी शिकायला कुंभकोणमला निघाले आहे, असं सांगितल्यावर घरातल्या प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला. तुम्हीही तोच विचाराल. पुण्याच्या आसपास कुठल्याही गावात गोधडी शिवणारी एखादी मावशी सापडते. मग त्यासाठी तामिळनाडूत, तेही जिथे जानेवारीतसुद्धा दुपारी पंखा लागतो अशा गावी जायचं कशाला?

कारण एक मैत्रीण. आम्ही तिघी एकाच शाळेत बावीस वर्षं शिकवत होतो. एक कोल्हापूरची, गणिताची बाई. दुसरी तंजावर मराठी. तिचे पूर्वज भोसल्यांच्या राज्यात तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. ती चेन्नईत वाढली, लग्न करून पुण्यात आली, आणि तिचं मराठी ऐकून पहिली दोन वर्षं आम्ही तिची भरपूर थट्टा केली. तिसरी मी. निवृत्तीनंतर "आता गोधडी शिकायची" असं आम्ही तिघींनी ठरवलं होतं. ठरवून दीड वर्ष झालं, तरी सुईत दोरा ओवला गेला नव्हता.

मग डिसेंबरात तिच्या कुंभकोणमच्या आत्याचा फोन आला. आत्या एक्क्याऐंशी वर्षांच्या. नात अमेरिकेत, तिला मुलगी झाली होती. पणतीसाठी दुपटं करायला घ्यावं, तर आत्यांच्या डाव्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं आणि उजवा हात थरथरतो. आत्यांचा पुतण्या जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी अमेरिकेला निघणार होता. त्याच्या बॅगेतून ते दुपटं जायला हवं होतं. "तुम्ही तिघी शिकणार आहात ना? मग या. मी सांगते, तुम्ही शिवा," असं म्हणून आत्यांनी फोन ठेवून दिला.

मी बॅग भरताना आईच्या दोन साड्या घेतल्या. एक इरकल, एक पांढरी वॉयल. आईला जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या साड्या मी आणि बहिणीने वाटून घेतल्या नाहीत, तशाच एका पेटीत ठेवल्या. त्यांची गोधडी करायची असं मी म्हणत होते. बहीण म्हणायची, साडीला कात्री लावलीस तर माझ्याशी बोलू नकोस. मीसुद्धा कात्री लावायला घाबरत होतेच, फक्त ते तिला सांगितलं नव्हतं.

चेन्नईच्या एग्मोर स्थानकातून रात्रीच्या गाडीने निघालात की पहाटे कुंभकोणम येतं. विमानाने यायचं तर जवळचं विमानतळ तिरुचिरापल्ली, तिथून शंभरेक किलोमीटर. आम्ही उतरलो तेव्हा अजून अंधार होता आणि रिक्षावाल्याने कानटोपी घातली होती. पुण्याच्या थंडीतून आलेल्या आम्हाला ती हवा फक्त सुखाची वाटत होती. "खूप थंडी आहे," असं तो तामिळमध्ये म्हणाल्याचं मैत्रिणीने सांगितलं, तेव्हा कोल्हापूरकरीण हसत सुटली.

आत्यांचं घर जुन्या पद्धतीचं आहे. बाहेर ओटा, त्याला तिकडे तिण्णै म्हणतात. आत लांबट घर, मधोमध आकाशाला उघडा चौक, लाल गुळगुळीत जमीन आणि छताला टांगलेला लाकडी झोपाळा. दाराशी शेजारच्या सुनेने काढलेली कोलम. आत्यांनी आम्हाला पाहिलं आणि पहिलं वाक्य मराठीत बोलल्या. ते मराठी कानाला जुनं वाटतं, मध्येच तामिळ वळण घेतं, आणि चाल पूर्ण वेगळी. लिहून दाखवण्याचा प्रयत्न मी करत नाही, त्याची नक्कल होईल. त्यांचं बोलणं पुढे आपल्याच मराठीत लिहिते.

थोडा इतिहास सांगायला हवा, नाहीतर हे मराठी इथे कसं आलं ते कळणार नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांनी १६७० च्या दशकात तंजावरला राज्य स्थापन केलं. ते १८५५ पर्यंत टिकलं. त्या पावणेदोनशेहून अधिक वर्षांत कारकून, सैनिक, पुरोहित, कीर्तनकार अशी कितीतरी घरं कावेरीच्या काठी वसली. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा लांबलचक मराठी लेख आजही वाचता येतो. कुंभकोणम तिथून चाळीसेक किलोमीटरवर. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली याच कुंभकोणममध्ये, अशाच एका तंजावर मराठी घरात जन्मले.

आत्यांची मुलं मराठी बोलतात. नातवंडांना समजतं, बोलता येत नाही. पणतीला काय येईल, हे आत्या बोलल्या नाहीत आणि आम्ही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी पितळी डबरा-टंबलरमधली कॉफी झाली आणि धडा सुरू झाला. कॉफीबद्दल एकच सांगते. 'कुंभकोणम डिग्री कॉफी' अशा पाट्या तामिळनाडूतल्या प्रत्येक हमरस्त्यावर दिसतात, पण तिची खरी गंमत घरात, ताज्या दुधात आणि तिथल्या तिथे गाळलेल्या फिल्टरच्या अर्कात आहे.

आत्यांनी कापडाचं गाठोडं सोडलं. त्यांच्या जुन्या सुती साड्या, यजमानांची वेष्टी, मुलाचा लहानपणचा सदरा. पहिली सूचना: जरीचा काठ उसवून बाजूला काढा. जर बाळाच्या अंगाला टोचते आणि धुतल्यावर आकसून सगळं कापड ओढते. दुसरी: नवं कापड वापरायचं नाही, वापरलंच तर दोनदा धुऊन, खळ काढून. तिसरी: कापड उजेडासमोर धरून पाहा. जिथे विरळ दिसेल तो भाग सोडून द्या, तिथे टाका धरत नाही. तुम्ही घरी पहिली गोधडी करायला घ्याल तेव्हा या तीन गोष्टी आधी करा. आम्ही तिसरी विसरलो आणि दोन चौकोन नंतर बदलावे लागले.

दुपट्याचं माप साधं. सहा इंचांचे पंचवीस चौकोन, पाच ओळी, प्रत्येक ओळीत पाच. कापताना साडेसहा इंच कापायचे, कारण चारही बाजूंनी पाव-पाव इंच शिलाईत जातो. म्हणजे तीस इंच झाले. भोवती तीन इंचांची पट्टी जोडली की छत्तीस इंच, बाळाला पुरून उरतं.

रंग पाच होते: लाल, पिवळा, हिरवा, निळा, पांढरा. ते कसे मांडायचे यावर आमचा तासभर गेला. कुठेतरी दोन लाल शेजारी यायचेच. शेवटी कोल्हापूरकरणीने खडू घेतला आणि लाल जमिनीवर पाच अक्षरं लिहिली. पहिली ओळ लाल, पिवळा, हिरवा, निळा, पांढरा. दुसरी ओळ दोन घरं पुढे सरकवून हिरव्यापासून सुरू: हिरवा, निळा, पांढरा, लाल, पिवळा. तिसरी पांढऱ्यापासून, चौथी पिवळ्यापासून, पाचवी निळ्यापासून. करून पाहा. आडवा, उभा की तिरपा, कुठल्याच कर्णात किंवा रांगेत रंग पुन्हा येत नाही.

आत्या म्हणाल्या, "ही बाई रामानुजनच्या गल्लीत शोभेल."

दुपारी आम्ही त्या गल्लीत गेलोच. सारंगपाणी मंदिराच्या समोरच्या रस्त्यावर श्रीनिवास रामानुजन यांचं छोटं घर जपून ठेवलं आहे. रामानुजन १८८७ मध्ये ईरोडला जन्मले, पण वाढले इथेच. घरात शिरल्यावर समोरच खिडकीपाशी एक खाट दिसते. कागद महाग म्हणून पाटीवर गणितं करून कोपराने पुसणारा मुलगा तिथे बसलेला डोळ्यांसमोर येतो. त्यांचे वडील साड्यांच्या दुकानात कारकून होते, हे मला माहीत नव्हतं. आणि त्यांच्या प्रसिद्ध वह्यांमधलं पहिलं प्रकरण जादूच्या चौकोनांवर आहे, हे कोल्हापूरकरणीने आम्हाला तिथे उभं राहून, जरा जास्तच मोठ्या आवाजात सांगितलं.

मंगळवारी चौकोन जोडले. आत्यांचं पायमशीन जुनं, पण तेल पाजून ठेवलेलं. आधी पाच-पाच चौकोनांच्या ओळी, मग ओळीला ओळ. सांधे जुळवताना एका ओळीची शिलाई डावीकडे आणि पुढच्या ओळीची उजवीकडे दुमडायची, म्हणजे चार चौकोन जिथे भेटतात तिथे गाठोडं होत नाही. एवढी एक युक्ती कळली तरी तुमची अर्धी डोकेदुखी संपेल.

आता प्रश्न आतल्या थराचा. दुपट्याला तीन थर. वरचा चौकोनांचा, खालचा आत्यांच्या साडीचा, आणि मधला मऊ, पातळ, पांढरा, कारण रंगीत कापड आत घातलं की ते वरच्या पांढऱ्या चौकोनातून दिसतं. वेष्टी आत्यांनी त्यासाठीच ठेवली होती. ती उजेडासमोर धरली तर मधोमध विरळ झालेली, बोट लावलं की फाटेल अशी. आत्या काही वेळ तशाच ती धरून उभ्या राहिल्या. मग घडी करून परत ठेवली.

बाजारातून पांढरं मलमल आणलं. दोनदा धुतलं, तरी कडक. शुक्रवारपर्यंत ते मऊ होणार नव्हतं.

माझ्या बॅगेत आईची वॉयल होती. मंगळवारची रात्र मी त्या साडीवर घालवली, असं म्हणायला हरकत नाही. मऊ तर इतकी की हातात धरल्याचं कळत नव्हतं. मी बहिणीला फोन केला. ती आधी गप्प बसली. मग विचारलं, "कोणाचं बाळ?" मी सांगितलं. "आपल्या ओळखीचं नाही?" नाही. पुन्हा शांतता. मग म्हणाली, "पदर कापू नको. बाकीची घे. आणि कापतानाचा फोटो मला पाठवू नकोस."

बुधवारी सकाळी कात्री मी लावली नाही, हे कबूल करते. पदर वेगळा करून मी साडी आत्यांच्या पुढे ठेवली. त्यांनी काठाला एक छोटी चीर दिली आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडली. साडी सरळ फाटते, कात्रीने वाकडी जाते, असं त्या म्हणाल्या. खरं आहे ते. मला मात्र आवाज ऐकून आत कॉफी करायला जावं लागलं.

थर पसरायला लाल जमिनीसारखी जागा नाही. आधी खालचा थर उलटा, त्यावर वॉयल, वर चौकोनांचा थर. सगळ्या सुरकुत्या तळहाताने बाहेर काढायच्या, आणि कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. आत्यांनी चार पितळी चंबू आणले. कुंभकोणम भांड्यांचं गाव, वजनाला पितळेची काय कमी. शेजारची सून चेंबु म्हणाली, आत्या चंबू म्हणाल्या. मग वीतभर अंतरावर मोठे मोठे कच्चे टाके घालून तिन्ही थर एकमेकांना धरून ठेवले. हे काम कंटाळवाणं आहे आणि नवशिके नेमकं ते टाळतात. टाळू नका. कच्चे टाके नसतील तर शिवता शिवता कापड पुढे सरकत जातं आणि शेवटी मधोमध फुगा येतो.

धावदोरा सर्वांना येतो असं आम्हाला वाटत होतं. सुई खाली, सुई वर, त्यात काय शिकायचं? पहिल्या पंधरा मिनिटांत मी माझं दुपटं खालच्या चटईला शिवलं. कोल्हापूरकरणीने हातभर नाही, दोन हात लांब दोरा घेतला आणि त्याच्या गुंत्याशी भांडत बसली. आमची कुंभकोणमची मैत्रीण बोट टोचून घेऊन लाल चौकोनावरच रक्त पडलं म्हणून देवाचे आभार मानत होती. आत्यांनी सगळ्यांचे टाके उसवले. खांद्यापासून मनगटापर्यंत, एवढाच दोरा. तो मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्यायचा, म्हणजे गुंतत नाही. गाठ वर दिसू द्यायची नाही, सुई थरांमध्ये घालून हलका झटका द्यायचा, गाठ आत जाऊन बसते. मधल्या बोटात अंगुस्तान. आणि डावा हात कापडाच्या खाली ठेवायचा, सुईचं टोक बोटाला नुसतं लागलं की लगेच वर वळवायचं.

चार बाजूंना आम्ही चौघी बसलो. आत्यांची पद्धत कडेपासून आत येण्याची. प्रत्येकीने आपल्या बाजूची एक ओळ घालायची, मग दीड इंच आत दुसरी, अशा बारा ओळी. ओळी कोपऱ्यांवर एकमेकींना मिळतात आणि चौकटीत चौकट होत मध्यापर्यंत पोचते. आत्या स्वतःच्या बाजूला बसल्या, पण सुई त्यांच्या पुतण्याच्या बायकोच्या हातात. आत्या नुसत्या बोट ठेवून टाके मोजत होत्या. बाजारातला हिशेब त्या तामिळमध्ये करतात, पेपर तामिळमध्ये वाचतात, देवाला हाक तामिळमध्ये मारतात. टाके मात्र एक, दोन, तीन, चार असे मोजत होत्या. आईने शिकवताना असेच मोजले होते, म्हणाल्या.

तामिळमध्ये दोऱ्याला नूल म्हणतात, आणि ग्रंथालाही नूल. हे मला शेजारच्या सुनेने सांगितलं. सुईला ऊसि. तिच्या घरी गोधडी नाही, पण जुन्या सुती साडीची तूळि आहे. छताच्या आकड्याला साडी बांधून केलेली बाळाची झोळी. तिचा मुलगा तिच्या सासूच्या साडीत झोपत होता. आपल्याकडेही बाळाच्या अंगाखाली पहिलं कापड जुनंच लागतं.

बुधवारी संध्याकाळी पाठ मोडली म्हणून आत्यांनी आम्हाला बाहेर पिटाळलं. मोठ्या देवळाजवळच्या एका गल्लीत त्यांच्या ओळखीचे शिंपी बसतात. ते रथाची कापडं करतात, तेर्-सीलै. तामिळनाडूतल्या देवळांचे लाकडी रथ सणाला कापडाने सजवतात. त्यावर गोल खांबांसारखी लोंबणारी कापडी नळकांडी तुम्ही फोटोत पाहिली असतील, त्यांना तोंबै म्हणतात. लाल, पिवळं, हिरवं, पांढरं कापड कातरून हत्ती, मोर, पोपट, कमळं, शंख-चक्र काढायची आणि दुसऱ्या कापडावर ठेवून शिवायची. ठिगळच म्हणा ना. आम्ही फाटलं म्हणून ठिगळ लावतो, हे देवाच्या रथासाठी लावतात.

शिंपीमामा साठीचे असावेत. आम्ही गोधडी शिकतोय हे ऐकून त्यांनी माझ्या हातात एक हिरवा पोपट दिला आणि चोचीचं टोक दुमडून दाखवायला सांगितलं. वळणावर कापड दुमडताना कडेला बारीक चिरा द्याव्या लागतात, नाहीतर वळण टोकदार होतं. मी घाई केली. ते म्हणाले, "मेदुवा, मेदुवा." सावकाश. माझ्या पोपटाची चोच कावळ्याची झाली. त्यांनी ती हसत हसत उसवली आणि चहा मागवला. कुंभकोणममध्ये आम्हाला तो एकच चहा मिळाला.

कापडाच्या बाबतीत हा भाग श्रीमंत आहे. जवळच तिरुभुवनम, रेशमी साड्यांचं. दारासुरमला सौराष्ट्री विणकरांची घरं, गल्लीतून जाताना मागाचा आवाज येतो. तिथलंच बाराव्या शतकातलं ऐरावतेश्वर मंदिर, चोळांचं, २००४ पासून जागतिक वारसा यादीत. त्याचा मंडप घोडे जोडलेल्या दगडी रथासारखा आहे. तंजावरच्या मराठा दरबारासाठी कोडाली करुप्पूर या गावी हाताने रंगवलेल्या आणि जरीने विणलेल्या खास साड्या बनत. राज्य गेलं, ती मागणी गेली, आणि ती साडी संग्रहालयात जाऊन बसली.

गुरुवारी कोणीच बाहेर गेलं नाही. गुरुवारीच मोठी गडबड कळली. मी दीड इंचाचं अंतर डोळ्याने मोजत होते. कोल्हापूरकरीण पट्टीने. कोपऱ्यावर आमच्या ओळी जुळेनात. तिची सातवी ओळ आणि माझी पाचवी समोरासमोर आली. ती म्हणाली उसव. मी म्हणाले तू उसव. बावीस वर्षं एका स्टाफरूममध्ये काढलेल्या दोन बायका एका दोऱ्यावरून दोन तास एकमेकींशी बोलल्या नाहीत. आमची तिसरी मैत्रीण मध्ये बसून मुकाट्याने शिवत राहिली.

आत्यांनी तो कोपरा हाताने चाचपला. मला वाटलं, उसवायला लावणार. त्या म्हणाल्या, "शनिवारी मुलगा जाणार. इथून पुढे पट्टीने घाला. हा कोपरा पायाकडे ठेवा."

जेवायला त्या दिवशी रसवांगी होती. वांग्याची, डाळीची, ओल्या खोबऱ्याची, तंजावर मराठी घरातली खास. सोबत डांगर पचडी. आपल्या डांगराची चुलत बहीण, उडदाच्या भाजलेल्या पिठाची, दह्यातली. सकाळी इडलीबरोबर कडप्पा होतं, मूगडाळ आणि बटाट्याचं पातळ कालवण, कुंभकोणमची ओळख. तुम्ही गेलात तर हॉटेलात कडप्पा नक्की मागा, बऱ्याच ठिकाणी ते ठरावीक वारीच करतात. जेवल्यावर विडा. इथली कोवळी पानं प्रसिद्ध आहेत. ती वजनावर नाही, मोजून विकतात. विडा खाऊन झाल्यावर मी कोल्हापूरकरणीला पट्टी मागितली. तिने दिली. एवढंच.

शुक्रवारी दुपारी चारही बाजूंच्या ओळी मध्याशी आल्या. मधला चौकोन पिवळा. नियमाने तोही शिवायचा, पण आत्या म्हणाल्या, हा माझा. चष्मा लावला, उशी मांडीवर घेतली, आणि थरथरत्या हाताने आठ-दहा टाके घातले. त्यांना अर्धा तास लागला. आम्ही तिघी काही बोललो नाही, शेजारची सून सुईत दोरा ओवून देत राहिली. ते टाके सारखे नव्हते. पाहणाऱ्याला वाटेल, ते नवशिकीचे आहेत आणि बाकीचे आत्यांचे.

शनिवारी पहाटे पुतण्या आला. बॅग आधीच भरलेली, वजन काठोकाठ. "आत्या, यात जागा नाही," तो म्हणाला. आत्यांनी शेजारच्या किराणावाल्याकडून दुपटं तोलून आणवलं. अर्ध्या किलोला थोडं कमी. पुतण्याने मुकाट्याने बुटांचा एक जोड बाहेर काढला.

रात्रीच्या आमच्या गाडीला वेळ होता. मग दिवसभर गाव पाहिलं. महामहम तलाव पाहायला विसरू नका. काठाने सोळा छोटे मंडप आहेत, ते नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षितर यांनी बांधल्याचं सांगतात. बारा वर्षांतून एकदा इथे महामहमचा सोहळा भरतो, मागचा २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ मध्ये. प्रलयात वाहत आलेला अमृताचा कुंभ इथे फुटला म्हणून गावाचं नाव कुंभकोणम, अशी कथा आहे. आदिकुंभेश्वर त्याच कथेतला. रामस्वामी मंदिराच्या ओवरीत भिंतभर रामायण रंगवलेलं आहे. त्यातल्या बायकांच्या लुगड्यांचे काठ मी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिले.

जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी जा. एप्रिल-मेमध्ये ऊन सहन होत नाही. देवळं दुपारी बंद असतात, साधारण बारा-साडेबारा ते चार, तेव्हा दिवसाची आखणी त्याप्रमाणे करा. तामिळ येत नसेल तरी अडत नाही, पण नंद्री, म्हणजे आभार, एवढं शिकून जा.

तीन आठवड्यांनी फोटो आला. बाळ दुपट्यावर उताणं, मूठ तोंडात. मी फोटो मोठा करून पाहिला. वाकडा कोपरा पायाकडे नव्हता, डोक्याशी होता. बाळाची आई तो कोपरा कुठे ठेवायचा हे जाणत नव्हती, कोणी तिला सांगितलंही नव्हतं. मी तो फोटो बहिणीला पाठवला. साडी आत आहे, दिसणार नाही, असंही लिहिलं.

तिने उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली, चहा घेतला, आणि जाताना पेटीतून आईची निळी सुती साडी काढून टेबलावर ठेवून गेली. कोल्हापूरकरीण रविवारी येणार आहे, पट्टी घेऊन.